डावीकडून उशिरा येणाऱ्या गाड्या

प्रश्न असा होता: खालच्या खोलीत हाताने फिरवलेले स्टीअरिंग वरच्या खोलीतल्या संगणकाला जसेच्या तसे आणि त्याच क्षणी कळावे, यासाठी काय करावे लागते? आणि कळत नसेल, तर दोष कोठे शोधावा?

आमच्या घरात हा प्रश्न एका चावीमुळे उभा राहिला, म्हणून आधी चावीविषयी सांगते.

माझा मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणते आणि आता सगळे घरच दादा म्हणते, त्याने उभे आयुष्य नाशिकच्या कडेच्या आमच्या मळ्यातला माल बाजारात पोहोचवला. संध्याकाळच्या लिलावाला कोथिंबीर-मेथीच्या जुड्या, दसऱ्याला झेंडू, एरवी टोमॅटोच्या जाळ्या. आधी एक जुना टेंपो होता, नंतर पिकअप आली. चैत्रात याच पिकअपमध्ये मागे गाद्या घालून घरची आणि शेजारची माणसे तो वणीच्या गडावर घेऊन जाई. मालाच्या गाडीत माणसे बसवू नयेत, असे मी दरवर्षी सांगत असे आणि दरवर्षी त्याच गाडीत बसत असे. मी विज्ञानाची शिक्षिका होते. निवृत्त झाल्यावर मी याच घरी राहायला आले.

गेल्या पावसाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी दादाला काचबिंदू असल्याचे सांगितले. दोन्ही डोळ्यांना, डाव्याला अधिक. त्यांनी समजावले ते मला चांगले आठवते. या आजारात मधले चित्र स्वच्छ राहते आणि कडा हळूहळू जातात. गेलेल्या जागी काळे दिसत नाही. मन ती जागा आसपासच्या रंगाने भरून टाकते, त्यामुळे माणसाला काही गेले आहे असे वाटतच नाही. रोज थेंब घालायचे आणि गाडी चालवायची नाही, असे त्यांनी बजावले.

दादाने दोन्ही गोष्टी मानल्या नाहीत.

"त्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवली का नाय मी? मग?" तो म्हणाला. "समोरचं सगळं दिसतंय. अन् गाडी समोरच चालवायची असती."

पिकअपची चावी त्याच्या बंडीच्या खिशात असे. मागितली की तो खिशावर हात ठेवी. माल शेजाऱ्यांच्या गाडीतून जाऊ लागला, तेवढे त्याने चालू दिले; पण चैत्रात वणीला गाडी मीच नेणार, हे त्याने सांगून ठेवले होते. वणीचा घाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आमच्या जिवाची काळजी वेगळी सांगायला नको. भाचा पुण्याला नोकरीला, तो शनिवारी येई, वडिलांशी वाद घाली आणि रविवारी परत जाई. थेंबांची बाटली देव्हाऱ्याजवळ भरलेलीच राहत होती. दादा जेवणापुरता घरात येई आणि उरलेला दिवस उभ्या पिकअपच्या सीटवर दार उघडे टाकून बसून काढी.

तोडगा त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या सुनेने काढला. ती एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम घरूनच, वरच्या मजल्यावरच्या खोलीतून करते. तेथे तिचा मोठा, काचेच्या अंगाचा, आत दिवे असलेला संगणक आहे. वहिनी त्याला सुनेचा कारखाना म्हणतात. काम संपले की सून त्याच संगणकावर खेळ खेळते, आणि त्यात तिला कोणाचीही चोरी वाटत नाही, ही गोष्ट मला तिच्याबद्दल फार आवडते.

ती मला म्हणाली, "आत्या, दादांना गाडी हवीय की रस्ता हवाय, ते आपल्याला कुठे माहीत आहे? रस्ता देऊन बघू."

तिने एक स्टीअरिंग मागवले. खऱ्यासारखे गोल, खाली पावलांसाठी तीन पेडल आणि आत मोटर. रस्ता खडबडीत असला की ते हातात थरथरते, वळणावर जड होते. खेळ मालवाहू गाड्या चालवण्याचा होता. देशही तिने विचारपूर्वक निवडला: जेथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते असा.

अडचण एवढीच होती की दादाचे गुडघे वरचा जिना चढू देत नाहीत, आणि सुनेचा संगणक खाली आणता येत नाही, कारण दिवसभर त्यावर तिचे काम चालते. म्हणून खेळ वरच चालवायचा, त्याचे चित्र घरातल्या नेटवर्कवरून खालच्या टीव्हीवर आणायचे, असे ठरले. टीव्हीला तिचा जुना लॅपटॉप जोडला. चित्र खाली येणे सोपे होते. स्टीअरिंग वर जाणे अवघड होते. ते यूएसबीच्या वायरीने खालच्या लॅपटॉपला जोडलेले, आणि त्याची गरज वरच्या संगणकाला. यासाठी असे प्रोग्राम मिळतात की खालचा लॅपटॉप आपल्याला जोडलेली वस्तू नेटवर्कवरून वरच्याला उसनी देतो, आणि ती आपल्याच अंगाला जोडली आहे असे वरचा संगणक समजतो.

पहिल्या रविवारी वहिनींनी स्टीअरिंगला हळद-कुंकू लावले, वर झेंडूचे फूल ठेवले. दादा आढेवेढे घेत खुर्चीत बसला.

"हे लहान पोरांचं हाय," तो म्हणाला. पण चपला काढून पेडलवर पाय ठेवून पाहिले.

टीव्हीवर रस्ता दिसू लागला. दादाने चाक फिरवले. रस्ता ढिम्म.

"बंद पडली. धक्का मारू का?"

सून वर गेली. वरच्या संगणकाने स्टीअरिंग आल्याचे सांगितले होते आणि लगेच ते गेल्याचेही सांगितले होते. ती खाली आली, पुन्हा वर गेली. तिसऱ्यांदा मी तिला जिन्यातच थांबवले. वर्गात प्रयोग फसला की मुले एकाच वेळी तारही बदलतात, बल्बही बदलतात आणि घटही बदलतात. मग दिवा लागला तरी दोष कशात होता ते कधीच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढाच नियम आम्ही ठरवला.

स्टीअरिंगच्या जागी साधा पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून वर उसना दिला. तो वर पोहोचला आणि तेथेच राहिला. म्हणजे वाट ठीक होती. मग स्टीअरिंग कोणालाही उसने न देता लॅपटॉपवरच वापरून पाहिले. तेही चालले. म्हणजे वस्तू ठीक होती. दोन्ही वेगवेगळी ठीक आणि एकत्र आली की बिघडणारी. तेव्हा दोष त्यांच्या भेटीत असला पाहिजे, असे मी म्हटले. सुनेने त्या भेटीवरच लक्ष ठेवले आणि दोष तिला सापडला.

या जातीची स्टीअरिंगे जोडल्या जोडल्या एका साध्या नावाने आपली ओळख देतात. समोरच्या संगणकाने त्यांना ओळखले की ती क्षणभर वायर तोडल्यासारखी नाहीशी होतात आणि आपल्या सगळ्या गुणांसह दुसऱ्या नावाने पुन्हा प्रकट होतात. लॅपटॉपला आम्ही पहिल्या नावाची वस्तू वर देण्याची परवानगी दिली होती. दुसऱ्या नावाची वस्तू त्याच्या लेखी अनोळखी होती; ती त्याने खालीच अडवून ठेवली.

वहिनी ओट्यापाशी मेथी निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मग त्यात काय नवल? माझं लग्नात नाव बदललं, तर मावशीचं पत्र जुन्या नावानं आलं अन् परत गेलं. पोस्टमन म्हणे, ह्या नावाची बाई ह्या घरात नाय. मी दारातच उभी होते की!"

"म्हणूनच मी नाव बदललं नाही, आई," सून म्हणाली.

"तू नाय बदललं, म्हणून तर रोज तुझं पार्सल येतंय. दार उघडून उघडून माझा जीव जातो."

सुनेने लॅपटॉपला दोन्ही नावांची कायमची परवानगी दिली. स्टीअरिंग वर पोहोचले आणि तेथे टिकले.

तरी काम झाले नव्हते. चाक फिरवल्यावर गाडी वळत होती, पण मनात येईल तेव्हा. कधी लगेच, कधी दादाने "वळ की गं बाई" म्हटल्यानंतर. चित्र मात्र छान येत होते. एकाच वायफायवरून चित्र सुरळीत येते आणि चाक अडखळते, हे कसे? सुनेने सांगितलेले कारण मी माझ्या समजुतीसाठी असे मांडले. चित्र पाठवणे हे शुद्धलेखन सांगण्यासारखे आहे. बाई वाचत जातात. एखादा शब्द सुटला तर मूल जागा सोडून पुढे लिहिते. यूएसबीचे बोलणे मात्र तोंडी परीक्षेसारखे आहे. संगणक सतत विचारतो, चाक सतत उत्तर देते, आणि उत्तर आल्याखेरीज पुढचा प्रश्न निघत नाही. एक उत्तर हवेत हरवले की सगळी परीक्षा थांबते. म्हणून अशा कामाला वायफाय नको, वरपासून खालपर्यंत सलग वायर हवी.

वायर टाकण्याचे काम दादाने स्वतःकडे घेतले. तिला बाहेरच्या भिंतीवरून उन्हापावसात आणायचे होते. शेडमध्ये ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्यांची भेंडोळी पडलेली होती. त्याने छिद्रे नसलेला एक लांब तुकडा शोधला आणि वायर त्यातून ओवली. टोकाची प्लास्टिकची टोपी नळीतून जात नाही, हे लक्षात आल्यावर टोपी नंतर बसवायची असे ठरले; ती सुनेने बसवली. शिडीवर त्याला आम्ही चढू दिले नाही, म्हणून तो खाली उभा राहून शेजारच्या गड्याला सूचना देत राहिला. कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज मळ्याच्या त्या टोकापर्यंत गेला.

"तुमचं नेटवर्क म्हणजे काय हाय, बाई? वर टाकी, खाली वाफा. बाकी सगळं थोतांड."

"दादा, पाणी एकाच दिशेने जातं. इथे खालून वरही जायचं असतं."

"मग मोटर लाव."

मी उपमा दुरुस्त केली होती. त्याने दुरुस्ती मान्य केली नाही.

वायर जोडल्यावर चाक आणि रस्ता एकत्र चालू लागले. दादाने पहिल्यांदा गाडी गोदामातून बाहेर काढली आणि आम्ही तिघी मागे उभ्या राहून पाहत होतो. पण गाडी सारखी डावीकडे ओढत होती. सरळ जाण्यासाठी त्याला चाक थोडे उजवीकडे धरून ठेवावे लागे.

"अलाइनमेंट गेलंय," दादा म्हणाला.

सून बसली की गाडी सरळ जाई. मी बसले तरी सरळ जाई, जरी मी ती पुढे जाऊन दिव्याच्या खांबाला लावली. फक्त दादा बसला की ओढ. आमच्या नियमाप्रमाणे बदललेली गोष्ट एकच होती, माणूस. म्हणून मी चाक सोडून माणसाकडे पाहिले.

खेळ सुरू होताना हे स्टीअरिंग स्वतःहून पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरते आणि मध्यावर येऊन थांबते. त्यातून ते आपला मध्य ठरवते. त्या वेळी त्याला हात लावायचा नसतो. सून आणि मी हात मांडीवर ठेवून वाट पाहत होतो. दादा मात्र चाक हलले रे हलले की दोन्ही हातांनी घट्ट धरत होता. ज्याने इतकी वर्षे गाडी चालवली, तो आपणहून फिरणारे चाक सोडून कसा बसेल? चाकाला अर्ध्यातच अडवले जाई, आणि ते तिथल्या हिशोबाने चुकीचा मध्य मनात धरून बसे.

"दादा, सुरुवातीला हात लावू नका," सून म्हणाली.

"आपलं आपण फिरतंय अन् मी बघत बसू? गाडी दरीत गेली म्हंजे?"

"दरी नाहीये इथे."

"चाक फिरतंय म्हंजे दरी असती."

त्याला पटत होते, पण हात ऐकत नव्हते. प्रत्येक वेळी चाक हले आणि प्रत्येक वेळी हात जात. शेवटी वहिनींनी सोडवणूक केली.

"अहो, गाडी चालू करताना तुम्ही नमस्कार करता ना? तो सावकाश करा. चाक थांबेस्तोवर हात जोडूनच ठेवा."

पिकअप सुरू करताना तो चाकाला एका हाताने शिवून तो हात कपाळाला लावी, एवढाच त्याचा नमस्कार. आता तो दोन्ही हात जोडून, डोळे उघडे ठेवून, फिरणाऱ्या चाकाकडे संशयाने पाहत बसू लागला. चाक थांबले की तो "चला" म्हणे. ओढ गेली.

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे होते. सुनेचे काम संपले की ती वरून हाक मारी, "दादा, गाडी गरम करू का?" आणि हा पायरीपाशी पाय धुऊन तयार असे. त्या परदेशी रस्त्यांविषयी त्याचे मत वाईट होते. "एक म्हैस नाय, एक ट्रॅक्टर नाय. माणसं मेलीत का काय ह्या गावातली?" सिग्नलला तो थांबे आणि नंतर आमच्याकडे वळून सांगे, "बघा, थांबलो." पोहोचवायचा माल काय आहे ते सून वाचून दाखवी. सफरचंदे असली की तो वळणे हळू घेई. लोखंड असले की नाही. वहिनी शेजारी खुर्ची टाकून बसू लागल्या आणि टोल आला की सवयीने पदराची गाठ चाचपत.

पण एक तक्रार राहिली, आणि ती दिवसेंदिवस वाढत गेली. पुढच्या गाडीला मागे टाकून दादा पुन्हा आपल्या लेनमध्ये, म्हणजे डावीकडे, येई आणि त्या मागे टाकलेल्या गाडीला घासे. चौकात डावीकडच्या रस्त्याने येणारी गाडी त्याच्यावर आदळे.

"ही गाडी नव्हती! आत्ता आली. बाई, तुझ्या त्या वायरीतून गाड्या उशिरा येत्यात."

ही शंका रास्त होती. चित्र वरून खाली येते. त्यातला काही भाग उशिरा पोहोचत असेल, तर गाडी एकदम उगवल्यासारखी दिसेल. सुनेने चित्राची प्रत कमी करून पाहिली. टीव्हीची एक सेटिंग बदलली. नवी वायर काढून दुसरी लावून पाहिली. एका वेळी एकच. काही फरक पडला नाही. मग ती स्वतः बसली, मी बसले. आमच्यासाठी कोणतीही गाडी एकदम उगवली नाही. मी खांबाला धडकले, पण खांब मला आधीपासून दिसत होता.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दादाची तक्रार नेहमी डावीकडची होती. उजवीकडून येणाऱ्या गाडीला त्याने कधीही नावे ठेवली नव्हती. उशीर वायरीत असेल तर तो सगळ्या चित्राला झाला पाहिजे. डावे आणि उजवे हा भेद वायरीला माहीत नसतो.

मी सुनेकडे पाहिले. तिलाही ते कळले होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो.

"आत्या, आपण सांगायचं का त्यांना?" तिने हळू आवाजात विचारले. "ते खेळणं सोडून देतील. पुन्हा जाऊन त्या पिकअपमध्ये बसतील."

चैत्र जवळ आला होता. मला तिचे भय समजत होते. पण डॉक्टरांनी सांगितलेले त्याने मानले नव्हते, मुलाने सांगितलेले मानले नव्हते. माझे मानेल असे समजण्याचे कारण नव्हते. सांगून न पटणारी गोष्ट वर्गात आम्ही करून दाखवतो. मी बाहेर येऊन म्हटले, "दादा, गाड्या उशिरा येतात हे आपण तपासू. तू चालवू नकोस. सून चालवेल. तू तिच्या शेजारी बस आणि रस्त्याच्या मधोमध बघ, अगदी चालवताना बघतोस तसा. कुठूनही नवी गाडी दिसली की 'आली' म्हण. सूनही म्हणेल. उशीर वायरीत असेल तर दोघांनाही सारखाच होईल."

"आत्ता दाखवतो," दादा म्हणाला. त्याला वायरीवरचा आरोप सिद्ध करायचा होता.

सुनेने गाडी हमरस्त्याला काढली. उजवीकडून समोरून गाडी आली.

"आली," दोघे एकदम म्हणाले.

पुन्हा उजवीकडून एक. दोघे एकदम. वहिनी हसल्या, "शाळाच भरली की."

मग डावीकडच्या फाट्यावरून एक लाल गाडी निघाली.

"आली," सून म्हणाली.

खोलीत तिचा एकटीचाच आवाज झाला. गाडी रस्त्याला लागली, पुढे सरकली.

"आली," दादा म्हणाला.

सून गाडी चालवत राहिली. डावीकडून पुन्हा एक आली, आणि पुन्हा दोन "आली"मध्ये तेवढीच जागा राहिली. उजवीकडच्या मात्र जुळून येत होत्या. वहिनींचे हसू थांबले.

"थांब," दादा म्हणाला. मला वाटले तो उठून जाईल. तो उठला, पण खुर्ची उचलून सुनेच्या दुसऱ्या बाजूला घेऊन गेला आणि तेथे बसला.

"तिकडून टीव्ही तिरपा दिसत असंल. आता चालव."

हा बदल मला सुचायला हवा होता. तो त्याने सुचवला. सुनेने पुन्हा गाडी काढली, आणि तेच झाले. उजवीकडे दोन्ही आवाज एकत्र, डावीकडे तिचा आधी आणि त्याचा मागून. मग त्याने आपणहून मान थोडी डावीकडे वळवली. पुढच्या फाट्यावर डावीकडची गाडी निघाली आणि दोघे एकदम म्हणाले, "आली."

दादाने मान पुन्हा सरळ केली, पुन्हा वळवली. असे त्याने कितीतरी वेळा केले. तो वायर तपासत नव्हता हे आम्हा सगळ्यांना कळत होते.

"म्हंजे गाडी असती," तो अखेर म्हणाला. "मलाच नसती."

वहिनी डोळ्यांना पदर लावू लागल्या, तसा तो त्यांच्यावर खेकसला, "रडू नको. तू डावीकडून दिसत नाय मला, पण ऐकू येतं."

त्या रडता रडता हसल्या. आम्हीही हसलो.

मग तो पिकअपकडे गेला. आम्ही खिडकीतून पाहत होतो. सीटवर न बसता त्याने डावीकडचा आरसा आत वळवून मिटला, दार लावले आणि परत आला. बंडीच्या खिशातून चावी काढून त्याने सुनेच्या हातात दिली.

"लायसन हाय ना तुझ्याकडं? मोटारीचं का असंना. उद्यापासून मळ्यातल्या रस्त्यानं शीक. माझी गाडी हाय, क्लच दाबताना घाई चालायची नाय."

"दादा, मला घाटाची भीती वाटते."

"वाटली पायजे. मला वाटत नव्हती, तेच वाईट होतं."

मग त्याने वहिनींना हाक मारून थेंबांची बाटली मागितली. त्यांनी भरलेल्या बाटलीचे झाकण उघडले आणि त्याला खुर्चीत मागे डोके टेकवायला सांगितले. डॉक्टरांनी पुढे समजावले की गेलेली कड परत येत नाही, राहिलेली राखता येते. तेव्हापासून थेंब वेळेवर पडतात. डोळे मिटून बसायच्या त्या वेळातही त्याचे हात जोडलेलेच असतात. चाक थांबेपर्यंत वाट पाहायची सवय तेथेही उपयोगी पडली, असे वहिनी म्हणतात.

चैत्रात आम्ही वणीला गेलो. माणसे शेजाऱ्यांच्या जीपमध्ये बसली, माझे म्हणणे यंदा प्रथमच मानले गेले. पिकअपमध्ये सून, दादा आणि देवीसाठी मळ्यातली झेंडूची टोपली, एवढेच होते. दादा डावीकडच्या सीटवर होता. घाटात तो प्रत्येक वळणावर अख्खी मान डावीकडे वळवून पाही, मग समोर पाहून म्हणे, "मोकळं हाय, चल." सून घामेजली होती, पण गाडी तिने गडाच्या पायथ्याशी नीट लावली. दादाने उतरून गाडीभोवती एक फेरी मारली, कोठे घासले नाही ना ते हाताने चाचपून पाहिले आणि म्हणाला, "त्या परदेशातल्यापेक्षा बरी चालवती."

संध्याकाळचा खेळ अजूनही चालू आहे. आता तो मान वळवून चालवतो आणि सहसा कोणाला घासत नाही.

आता उत्तर. चाक खाली आणि संगणक वर असेल, तर वाट आणि वस्तू वेगवेगळ्या तपासा. वस्तू नाव बदलते का ते पाहा. वायफायऐवजी वायर टाका. चाक आपला मध्य शोधत असताना हात लावू नका. एवढे करूनही दोष राहिला आणि तो एकाच बाजूला असला, तर तो वायरीत नाही.

मी लिहिले म्हणून हे खरे मानू नये. एखाद्या दुपारी घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवावे, दोघांनी समोर एकाच ठिकाणी पाहावे, तिसऱ्याने कडेने हळूहळू हात पुढे आणावा, आणि दिसताच दोघांनी बोलावे. मग एकेक डोळा झाकून पुन्हा करावे. दोन आवाजांत अंतर पडले तर डॉक्टरांकडे जावे. पडले नाही आणि वय झाले असेल, तरीही एकदा जावे, कारण घरची चाचणी ढोबळ असते. कृपया स्वतः तपासून पाहा.